इंजन बदला

देऊळघाटात डीपी जळली की लोक आधी वायरमनला फोन लावतात. तो उचलला गेला नाही, की डीबी काकांच्या शेडवर येतात. काकांचा विजेशी काडीचा संबंध नाही. ते डिझेल इंजिनं दुरुस्त करतात. पण हरभऱ्याला पाणी चालू असताना मोटार बंद पडलेल्या माणसाला 'डीबी' आणि 'डीपी' यांतला फरक समजावत बसणं माणुसकीला धरून नाही, असं काकांचं मत आहे. ते त्याला स्टुलावर बसवतात, पलीकडच्या टपरीकडं बघून दोन बोटं वर करतात, सगळं ऐकून घेतात आणि निदान करतात, "खांब चांगला हाय. तारा चांगल्या हायेत. डब्बाबी चांगला हाय. आतलं सामान तेवढं बदलाव लागते." वायरमनही दुसरं काही सांगणार नसतो. माणूस चहा पिऊन बऱ्यापैकी समाधानानं घरी जातो.

काकांच्या नावात डी नाही आणि बीही नाही. डीबी म्हणजे जर्मनीच्या डाइमलर-बेन्झ कंपनीचं इंजिन. डीबी 601, डीबी 605 आणि सगळ्यात थोरला डीबी 603. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या लढाऊ विमानांना ही जर्मन इंजिनं बसवली आणि ती विमानं कुठल्या कुठं गेली, ही हकीकत काका कुणालाही, कधीही आणि पहिल्यापासून सांगतात. बुलढाण्याहून आलेली काळीपिवळी थांबली, त्यातून कुणी नोझल नाहीतर पंप काखोटीला मारून उतरलं, की इटली सुरू. माझी सासुरवाडी देऊळघाटची. गावातला दुसरा कुणीही काकांना "येतो जरा" म्हणून सटकू शकतो. जावयाला ती सोय नाही.

इटलीच का, असं मी एकदा विचारलं होतं. इंग्लंडची विमानं होती, अमेरिकेची होती. काकांनी गल्ल्याखालून एक पुस्तक काढलं. महायुद्धातल्या विमानांचं सचित्र इंग्रजी पुस्तक, पुठ्ठा नसलेलं, बुलढाण्याच्या एका रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं घेतलेलं. ब्रिटन आणि अमेरिका भजेवाल्याकडं आधीच गेले होते. शिल्लक होती ती इटली आणि अर्धा जपान. माणसाचा व्यासंग कशावर ठरतो याबद्दल विद्वानांनी बरंच लिहिलं असेल, काकांचा रद्दीवाल्यावर ठरला. पण जे हाती आलं ते त्यांनी डिक्शनरी लावून, पानाच्या कडेला बॉलपेननं खुणा करून, ऑइलच्या अंगठ्यांनी काळं करून असं वाचलं आहे की इटलीच्या हवाई खात्यातसुद्धा कुणी वाचलं नसेल. नाहीतर पुढचं घडलं नसतं.

पुढचं म्हणजे असं. (मी काकांचं सांगणं आवरतं घेतोय. त्यांच्या तोंडून ऐकायचं तर एक इंजिन खोलून बसवण्याइतका वेळ काढून यावं.) 23 ऑक्टोबर 1934 रोजी फ्रान्चेस्को आजेल्लो नावाच्या इटालियन वैमानिकानं गार्दा तळ्यावरून एक लालभडक विमान उडवलं आणि ताशी 709 किलोमीटरचा वेग गाठला. पाण्यावरून उडणाऱ्या पिस्टन-इंजिनाच्या विमानांत तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. विमान माक्की कंपनीचं, रचना मारिओ कास्तोल्दीची, आणि इंजिन फियाटचं, इटलीचंच. बारा-बारा सिलिंडरची दोन इंजिनं एकामागं एक जोडलेली, पाण्यानं थंड होणारी. इथं काका थांबतात. चष्मा कपाळावर नेतात. "म्हंजे इंजन बनवाची अक्कल होती. होती का नाही? बोला जवाईबुवा."

होती, असं म्हणावं लागतं.

"मंग काहून सोडली?"

सोडली हे खरं. त्यानंतरच्या वर्षांत इटलीनं लढाऊ विमानांसाठी हवेनं थंड होणारी, गोल चेहऱ्याची रेडियल इंजिनं पसंत केली. ती दणकट, रेडिएटरची भानगड नाही, गोळी लागून पाणी गळायची भीती नाही. फियाटचं ए 74 हे त्यातलं मुख्य, ताकद साडेआठशे अश्वशक्तीच्या आसपास. त्याच कास्तोल्दीनं त्याच्यावर माक्की सी 200 बांधलं. वळायला सुरेख, बांध्यानं घट्ट, आणि वेग ताशी 500 किलोमीटरच्या जरासा वर. तेवढ्यात युद्ध आलं. समोरची विमानं सहाशेकडं निघाली होती.

शेवटी जर्मनीहून डीबी 601 मागवलं. बारा सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं, कार्ब्युरेटर नाही, थेट इंधनाची पिचकारी, आणि बसवलेलं उलटं. क्रँक वर, सिलिंडरची डोकी खाली. कास्तोल्दीनं सी 200 चे पंख आणि शेपूट तशीच ठेवली, पुढचं अंग नव्या इंजिनाच्या मापानं निमुळतं केलं, आणि 10 ऑगस्ट 1940 रोजी माक्की सी 202 उडालं. फोल्गोरे. वेग ताशी 600. तीच माणसं, तोच कारखाना, पंख तेच. काका दोन्ही चित्रं शेजारी शेजारी धरतात. "बॉडीत काही बदल नाही. काही म्हंजे काही नाही. फक्त इंजन बदललं." आणि मग ते पुस्तक मिटून समोरच्याकडं असं पाहतात, की त्याला वाटावं आपल्या आयुष्याचाही निकाल आत्ताच लागला.

गावात या विमानाला मक्कीचं विमान म्हणतात. आमच्याकडं मका भरपूर होतो, त्यामुळं हे नाव कुणाला परकं वाटलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तर काका एक चांगले मेकॅनिक आणि बरे इतिहासकार म्हणून मिरवले असते. पण सी 202 च्या पानावरून त्यांनी जगाकडं पाहायला सुरुवात केली. त्यांच्या मते जगात बॉडी कुणाचीच वाईट नसते. मुलगा दहावीत आपटला, की "पोरगं चांगलं हाय, शिकवणी बदला." गावाचा संघ चिखलीत मॅच हरला, "टीम चांगली हाय, कॅप्टन बदला." सोयाबीनला शेंगा धरल्या नाहीत, "वावर चांगलं हाय, बियाणं बदला." एका घरात नवराबायकोचं पटत नव्हतं. दोन्हीकडची माणसं बोलावणं धाडून काकांना मध्यस्थीला घेऊन गेली. काकांनी मुलाला पाहिलं, मुलीला पाहिलं, घर पाहिलं, आणि "घर चांगलं हाय," एवढं म्हणून उठले. पुढचं वाक्य त्यांना सासूच्या समोर बोलता येईना.

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण या सिद्धांतामुळं काकांच्या तोंडून आजवर कुणाबद्दल 'तो गाढव आहे' असं निघालेलं नाही. दोष नेहमी आतल्या एका सुट्या भागाचा. तो सुटा भागही बदलण्याजोगा, बाहेर कुठंतरी तयार मिळणारा. नापास पोराचा बाप चार ठिकाणी पोराची आणि स्वतःची अब्रू काढून घेऊन शेवटी शेडवर येतो तो उगाच नाही.

काकू मात्र या तत्त्वज्ञानाला वश नाहीत. त्या म्हणतात, "मले लग्नाच्या दिवशीच समजलं होतं. बॉडी ठीक हाय, इंजनाचं पाहाव लागते. पन बाप्पा, तवा बदलून देत नव्हते ना."

काकांच्या शेडमागं कडुनिंबाखाली एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात. ही गाडी म्हणजे काकांचा कास्तोल्दी होण्याचा प्रयत्न. गाडी मुंबईत टॅक्सी होती. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट 1100, आणि ती आपल्याकडं बनली वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात. म्हणजे ज्या फियाटनं लढाऊ विमानं बांधली तिचीच ही धाकटी लेक, असं काका सांगतात, आणि नातं खोटं नाही. विकणाऱ्यानं इंजिन काढून ठेवून नुसती बॉडी दिली होती. काकांना दुसरं काही नकोच होतं.

इंजिन मिळालं एका भंगारात निघालेल्या जुन्या जीपचं. डिझेल, चार सिलिंडर, मूळ फ्रान्सच्या प्युजोच्या लायसनवर बनलेलं. इटलीची बॉडी, फ्रान्सचं इंजिन, कुर्ल्याचा पत्रा आणि देऊळघाटचं वेल्डिंग. अ‍ॅडॉप्टर प्लेट शेजारच्या लेथवाल्या चाचांनी काढून दिली. चाचा जुने कारागीर. त्यांनी कॅलिपर लावून इंजिनाची लांबी घेतली, बॉनेटखालची जागा घेतली, दोन्ही आकडे खडूनं लेथच्या पाट्यावर लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, बैठेगा. बैठने का सवाल नहीं. उठेगा कैसा, वो बोलो."

बसलं. बॉनेट लागेना, म्हणून बॉनेटला भोक पाडलं आणि त्यातून एअर क्लीनर वर आला. मूळ पेट्रोल इंजिनाच्या मानानं हे धूड भलतंच जड, गाडीचं तोंड जमिनीला लागलं. त्याला तोड म्हणून डिकीत सोयाबीनचे दोन कट्टे टाकले. तोंड वर आलं. किल्ली फिरवली, धूर निघाला, इंजिन लागलं, आणि सगळी गाडी एका अंगावर हलायला लागली. रेस दिली की डावीकडं झुकायची. सोडली की सरळ. पाहणारे हसले. काका हसले नाहीत. ते आत गेले, पुस्तक घेऊन आले आणि सी 202 चं समोरून काढलेलं चित्र उघडलं. या विमानाचा डावा पंख उजव्यापेक्षा 20 सेंटिमीटरच्या आसपास लांब आहे. छापण्यातली चूक नाही. पंखा एका दिशेनं फिरतो तेव्हा विमान उलट्या दिशेला कलायला पाहतं, डावी बाजू दबते. म्हणून डाव्या पंखाला कास्तोल्दीनं वीतभर जास्त कापड, म्हणजे जास्त पत्रा दिला. जास्त पंख, जास्त उचल, हिशोब बरोबर. काकांनी स्वतःची वीत चित्रावर ठेवून दाखवली. "आपल्याले पंख नाहीत. मंग काय कराव लागते?" कुणी बोलेना. "वजन, वजन उजवीकडं."

ही विद्या वापरायची वेळ लवकर आली. गावातल्या एका लग्नाला नवरदेवाची गाडी ऐनवेळी आली नाही. वऱ्हाड मोताळ्याकडं जायचं, म्हणजे राजूर घाट उतरायचा. काका म्हणाले, पद्मिनी घ्या. नवरदेव अंगानं किडमिडा, तो पुढं डावीकडं. मागं उजवीकडं मोठे मामा. मामा शंभरीच्या पुढं, वयानं नव्हे. मामांना पुढची खिडकी हवी होती, मान त्यांचा होता. काका हात जोडून म्हणाले, "मामासाहेब, मानाचं नाही, बॅलन्सचं हाय." मामांनी ते वाक्य मनाला लावून घेतलं ते आजतागायत. मधे करवली, डिकीत सोयाबीन, आणि बॉनेटच्या भोकातून वर आलेल्या एअर क्लीनरला कुणीतरी झेंडूचा हार घातला.

घाट येईपर्यंत गाडी अशी पळाली की बँडवाल्यांचा टेम्पो मागं पडला. घाट लागल्यावर एक साधी गोष्ट ध्यानात आली. इंजिन नवं, वजन नवं, सोयाबीन नवं, मामा तर कायमचेच, पण ब्रेक मात्र कुर्ल्यानं पद्मिनीला दिले होते तेच. काकांनी पाय दाबला. गाडीनं ते मनावर घेतलं नाही. दुसरा गिअर, पहिला गिअर, इंजिन किंचाळलं, गाडी डावीकडं झुकली, मामा उजवीकडून डावीकडं नवरदेवाच्या मानेवर आले, आणि बॅलन्स साधलं गेलं. वळणावर रस्त्याच्या कामाचा मुरमाचा ढीग होता. त्यात पद्मिनी अलगद नाक खुपसून थांबली. कुणाला काही लागलं नाही. हार जागच्या जागी होता. नवरदेव उतरला, फेटा सारखा केला आणि एक शब्द न बोलता बँडवाल्यांच्या टेम्पोत जाऊन बसला.

परतीला काका एकटेच होते, सोयाबीनसकट. घाट चढताना त्यांनी एका एसटीला मागं टाकलं. हे ते प्रत्येक वेळी सांगतात. उतरतानाचं विचारलं तर म्हणतात, "इंजन पास झालं. ब्रेकचा विषय वेगळा हाय."

वेगळे विषय काकांकडं बरेच आहेत. इटलीच्या हकिकतीतही ते आहेत आणि काका त्या पानांवरून चटकन पुढं सरकतात. डीबी 601 इटलीत लायसनवर बनवायचं काम अल्फा रोमिओकडं गेलं. त्या इंजिनाचं नाव ठेवलं मोन्सोने, म्हणजे आपला मॉन्सून. तो आलाही विदर्भातल्यासारखा. उशिरा, थोडा थोडा, आणि गरज होती तेव्हा नाहीच. विमानांचे सांगाडे तयार होऊन इंजिनाची वाट पाहत राहायचे. पुढं डीबी 605 आलं, त्याच्यावर तीन सुरेख विमानं बांधली गेली. माक्कीचं वेल्त्रो, रेजियानेचं सागित्तारिओ आणि जुझेप्पे गाब्रिएल्लीनं फियाटसाठी काढलेलं जी 55, चेन्ताउरो. 1943 च्या सुरुवातीला रोमजवळ ग्विदोनियाला जर्मनांनी आपली विमानं आणून या तिघांशी ताडून पाहिली. हा काकांचा सर्वात आवडता प्रसंग. "जर्मन सोता पाहाले आले. बसले, उडवलं, उतरले. आन पसंती कळवली." ते खरं आहे. जी 55 त्यांना इतकं आवडलं की त्याच्यात आपलं सगळ्यात मोठं डीबी 603 बसवून जर्मनीतच बनवावं, इथवर बोलणी गेली. त्यातून जन्मलं जी 56. साडेचव्वेचाळीस लिटरचं इंजिन, 1750 अश्वशक्ती, वेग ताशी 685 किलोमीटर. 1944 साली उडालं. सगळी मिळून बनली दोन.

दोनच का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर इंजिनात नाही. एक जी 55 बांधायला 15,000 मनुष्यतास लागत, असा हिशोब निघाला. जर्मनांचं मेसरश्मिट 109 होई साधारण 5,000 तासांत. इटालियन कारागीर प्रत्येक विमान हातानं घडवत होते, सुंदर घडवत होते, आणि एक घडेपर्यंत पलीकडं तीन उडत होती. म्हणजे दोष बॉडीतच होता. रूपात नव्हे, घडवण्याच्या रीतीत. हे मी एकदा काकांना म्हणून पाहिलं. ते बराच वेळ नोझलला कापूस फिरवत होते. मग म्हणाले, "जवाईबुवा, तास जास्त लागले म्हंजे काम पक्कं झालं ना?" ज्या माणसाच्या शेडमध्ये एक पंप दिवाळीपासून होळीपर्यंत खोलून ठेवलेला असतो, त्याच्याशी या मुद्द्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

खरी पंचाईत केली ती त्यांच्या नातीनं. ती बुलढाण्याला कॉलेजात जाते आणि आजोबांचं फाटकं पुस्तक जिथं संपतं तिथून पुढं मोबाइलवर वाचते. एक दिवस तिनं शेडमध्ये येऊन मोबाइल पुढं केला. "आबा, हे पाहा. तुमच्या पुस्तकात नाही हे." फियाटचं सी.आर. 42. दोन पंखांचं, म्हणजे वर एक आणि खाली एक, मधे खांब आणि तारा, वैमानिकाचं डोकं उघड्यावर. चेलेस्तिनो रोझातेल्लीची रचना, पहिल्या महायुद्धातलं वाटावं असं, आणि उडालं 1938 साली. इटलीनं अशी 1,800 च्या आसपास बांधली. 1941 साली इरिट्रियात केरनच्या डोंगरात मराठ्यांच्या पलटणी इटालियनांशी लढत होत्या, तेव्हा इटलीची पूर्व आफ्रिकेतली लढाऊ विमानं बहुतेक हीच. त्याच वर्षी फियाटमध्ये कुणीतरी या म्हाताऱ्या दुपंखीला डीबी 601 बसवलं. सी.आर. 42 डीबी. ताशी 500 किलोमीटरच्या पुढं गेलं. दोन पंखांच्या विमानानं असा वेग क्वचितच पाहिला असेल. एक बनवलं, उडवून पाहिलं आणि विषय संपवला, कारण इंजिन कितीही चांगलं असलं तरी दोन पंख, खांब, तारा आणि उघडं डोकं हे सगळं बरोबर घेऊन जावं लागत होतं.

काकांनी मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मागं कडुनिंबाखाली एक कोंबडी पद्मिनीच्या टपावरून बॉनेटवर आली, एअर क्लीनरच्या भोकात डोकावली. नात म्हणाली, "एकच बनवलं आबा, मग सोडून दिलं."

"एकच बनवलं," काका म्हणाले, "म्हंजे फेल नाही झालं बाई. पहिल्यातच समजलं, दुसऱ्याचं काम नाही पडलं."

लेथवरून चाचांनी मान वर केली, काही न बोलता परत खाली घातली.

या प्रकारच्या माणसाला हरवता येत नाही, कारण जग अधूनमधून त्याच्या बाजूनं साक्ष देतं. युद्ध संपलं, जर्मन इंजिनं मिळेनाशी झाली, तेव्हा फियाटनं त्याच जी 55 ला इंग्रजांचं रोल्स-रॉइस मर्लिन बसवलं आणि जी 59 म्हणून विकलं. ज्या इंजिनाशी लढले तेच पोटात घेतलं. खुद्द जर्मनांचं मेसरश्मिट 109 तरी कुठं सोवळं होतं? 1935 साली पहिल्यांदा उडालं तेव्हा त्यात इंग्रजी केस्ट्रेल इंजिन होतं. आणि शेवटी स्पेननं त्याच्यात मर्लिन बसवून ते वापरलं. 1969 च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' सिनेमात जर्मन म्हणून जी विमानं दिसतात ती ही स्पॅनिश, इंग्रजी इंजिनाची. ही माहिती मीच काकांना पुरवली आणि पुरवताना माझ्या लक्षात आलं की मी बाजू बदलली आहे.

आपल्याकडचं तर विचारूच नका. फोकवुल्फ 190 काढणारे कुर्ट टांक 1956 साली बंगलोरला आले, त्यांनी एचएएलसाठी मारुत काढलं. 1961 मध्ये उडालं, बॉडी अशी की नजर ठरत नाही, आणि इंजिन कमी ताकदीचं. इजिप्तचं इंजिन लावून पाहण्यापर्यंत मजल गेली. तरी बात जमली नाही. आता नाशिकजवळ ओझरला तेजस बनतं. 17 ऑक्टोबर 2025 रोजी तिथलं पहिलं मार्क वन-ए उडालं. इंजिन अमेरिकेचं, आणि ते वेळेवर येईना म्हणून विमानं खोळंबल्याच्या बातम्या पेपरात. त्या दिवसांत काकांचा चेहरा पाहावा. दुःख होतं, देशाचं काम अडलं होतं. पण चाळीस वर्षं जे सांगत आलो ते पेपरवाल्यांनी पहिल्या पानावर छापलं, याचं समाधानही लपत नव्हतं. "तेजसची बॉडी पाहिली का? काही दोष हाय?"

आणि फियाटनं कर्ज फेडल्याची गोष्ट काका शेवटी सांगतात. पुण्याजवळ रांजणगावला फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. तेच मारुतीनं लायसन घेऊन स्विफ्टमध्ये बसवलं, डिझायरमध्ये बसवलं. टाटांच्या गाड्यांत तेच. 2020 मध्ये नियम बदलेपर्यंत निम्म्या महाराष्ट्राच्या डिझेल गाड्यांत इटलीचं काळीज होतं. खुद्द फियाटच्या पुंटोला मात्र गिऱ्हाईक भेटेना. जिनं जन्मभर दुसऱ्याचं इंजिन शोधलं तिचं इंजिन सगळ्यांनी नेलं, गाडी कुणी नेली नाही. काकांना यात फियाटचा पराभव दिसत नाही. "इंजन चाललं ना? मंग!"

गेल्या उन्हाळ्यात काकांच्या मुलानं इलेक्ट्रिक स्कूटर आणली. आठ दिवसांत ती बंद पडली आणि शेडसमोर आणून उभी केली. बातमी पसरली, माणसं जमली. आज काकांची परीक्षा होती, कारण या गाडीत इंजिनच नव्हतं. काकांनी सीट उचलली, आत टॉर्च मारला. वायरी होत्या, एक काळा डबा होता. पंप नाही, नोझल नाही, पिस्टन नाही, ऑइल नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचं चाक दाबलं, हँडल हलवलं, पत्र्यावर बोटानं वाजवून पाहिलं. चाचा लेथ बंद करून बाहेर आले. काकू दारात आल्या.

"बॉडी कुठली?" काकांनी मुलाला विचारलं.

"पुण्याकडची."

"आन हे आतलं? हा डब्बा?"

"त्याच्यातले सेल चीनचे हायेत म्हणत होता शोरूमवाला."

काका खुर्चीत बसले. पाय पसरले. पलीकडच्या टपरीकडं बघून, सगळी माणसं मोजून, दोन्ही हातांची बोटं वर केली.